उलट्या तोंडाचं म्यान

१

पौषातल्या एका सकाळी कळसच्या शिवारात, पाटाच्या कडेला, महिपती मरून पडलेला सापडला.

पहिल्यांदा पाहिलं ते म्हस्कू पाटकऱ्यानं. रोजच्यासारखा तो पाटाची दारं बघत निघाला होता. महिपतीच्या चारीचं दार जिथं आहे तिथं पाण्यात उतरायला दगडी पायऱ्या आहेत. त्या पायऱ्यांपासून दहा पावलांवर, उसाच्या पाचटात, महिपती डाव्या कुशीवर आखडून पडला होता. डाव्या काखेत खोल जखम. सदऱ्याच्या दोन्ही बाह्या वर सरकवलेल्या, त्यातली डावी खांद्यापासून फाटलेली. थंडी एवढी, की म्हस्कूच्या तोंडातून वाफ निघत होती. महिपतीच्या तोंडातून निघत नव्हती. त्याच्या हाताशी एक रिकामं कातडी म्यान पडलं होतं. सुरीचा पत्ता नव्हता.

दुपारी इंदापूरहून बापूसाहेब फौजदार आले आणि दिवस मावळायच्या आत शेजारच्या रानातल्या गेणूला घेऊन गेले. त्याचं कुणाला नवल वाटलं नाही. त्या दिवशी पाण्याची पाळी गेणूची होती. महिपती ती चोरतो हे साऱ्या कळसला ठाऊक होतं. आणि महिन्यापूर्वी चावडीपुढं गेणू सगळ्यांदेखत बोलला होता, "परत माझ्या पाळीत दाराला हात लावलास तर त्यो हात खांद्यापासनं उतरवीन."

म्यान मात्र कुणीच ओळखेना. गेणूची बायको, महिपतीची बायको, महिपतीचा थोरला भाऊ सावळाराम, सगळ्यांनी माना हलवल्या. म्हणून चौथ्या दिवशी फौजदार ते फडक्यात गुंडाळून बारामतीला दत्तोबा जिनगराकडं घेऊन आले.

दत्तोबाचे वाडवडील खोगिरं आणि म्यानं शिवत. घोडी गेली, तलवारी गेल्या, तसा दत्तोबा पुस्तकांच्या बांधणीकडं वळला. वाचनालयाची फाटकी पुस्तकं आणि कचेरीची दप्तरं त्याच्याकडं येत. बांधायला आलेलं पुस्तक वाचून झाल्याशिवाय त्याला शिवता येत नसे, त्यामुळं कामं रखडत आणि लोक बोलत. लढाईच्या टंचाईत दोरा मिळेना तेव्हा त्यानं कचेरीच्या लाल फितीचे धागे उसवून, पीळ देऊन, मेण लावून वापरायला सुरुवात केली होती. टंचाई संपली तरी सवय सुटली नाही. साठी उलटलेला, चार माणसांत बोलताना घसा कोरडा पडणारा माणूस. कुठलंही वाक्य "असं वाटतं" म्हटल्याखेरीज त्याच्याच्यानं पुरं होत नसे.

"दत्तोबा, हे कुठलं आणि बांधायचं कसं, एवढं सांगा," फौजदार म्हणाले. "गेणूच्या कमरेला होतं असं मी कागदावर घेतलंय."

दत्तोबानं चष्मा पुसला. म्यान वीतभर लांब, वर खवल्याखवल्याचं कातडं. घोरपडीचं असावं. शिवण दोऱ्याची नव्हे, कातड्याच्या बारीक वादीची. मध्यावर एक विणलेलं गोल कडं, आणि कड्याला ताइतासारखी एक चपटी कातडी पुडी. कड्याच्या मुळाशी कातड्याची घडी होती, तिथं कुणीतरी मागाहून काम केलेलं दिसत होतं. वर तेलाचा काळा थर बसला होता. कड्याची आतली बाजूही कडक लागत होती. तेल असावं. की रक्त? त्याला ठरवता येईना.

"हे कमरेचं नव्हे, साहेब. कडं लहान आहे. मनगटाला ढिलं होईल. दंडाला बसेल... असं वाटतं."

"दंडाला?" फौजदारांनी भुवया चढवल्या. "दंडाला कोण सुरी बांधतो?"

"ते मला नाही सांगता येत."

फडक्यात आणखी एक काळा तुकडा होता, हरभऱ्याएवढा. "पायऱ्यांवर मिळाला," फौजदार म्हणाले. "शिपायानं उचलून ठेवला. कोळसा असेल." दत्तोबानं तो बोटांत धरून पाहिला. कोळसा हाताला लागतो, हा लागत नव्हता. एका बाजूनं गुळगुळीत होता आणि आकाराच्या मानानं जड.

फौजदार म्यान घेऊन इंदापूरला परत गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी ते कडं गेणूच्या दंडात सरकवून पाहिलं.

ते चपखल बसलं.

२

गेणूची बायको धोंडाबाई तिसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं आली. दत्तोबाच्या उंबऱ्याबाहेर पायरीवरच बसली, आत येईना.

"तात्या, तुमीच सांगितलं म्हनं, ते दंडाला बांधायचं हाय."

"मी एवढंच म्हणालो की..."

"फौजदार म्हनला, झालं, आता पुण्याच्या कोर्टात न्हेतो. माझ्या दादल्याच्या दंडाला तर बैलाचा गोंडा बी बसंल! म्हनून काय त्यो त्यानं बांधला हुता?" तिनं पदरानं नाक पुसलं. "तोंडानं लई वाईट हाय त्यो. घरात भाकरी करपली तरी हात तोडीन म्हनतो. आजवर कोंबडीची मान बी त्यानं मुरगाळली न्हाय, मला मुरगाळाय लावतो. अर्धं सांगून गप बसलात तात्या. अर्ध्यानं त्यो फासावर जाईल."

तिनं ओच्यातून चार वांगी काढून पायरीवर ठेवली आणि निघून गेली. दत्तोबा कितीतरी वेळ त्या वांग्यांकडं बघत राहिला. जन्मभर तो भीतीपोटी अर्धंच बोलत आला होता, आणि अर्धं बोलणं म्हणजे सावधपणा असा त्याचा समज होता.

दुपारी शिपाई म्यान आणि तो काळा तुकडा घेऊन आला. कोर्टात साक्ष द्यावी लागेल, तेव्हा नीट तपासून ठेवा, असा निरोप. "हरवलंत तर तुमची जागा गेणूच्या शेजारी, असं साहेबांनी सांगितलंय," शिपाई हसून म्हणाला. दत्तोबाला हसू आलं नाही.

त्यानं कड्यावरची ताइताची पुडी अलगद उसवली. आत घड्या घातलेला कागद, त्यावर अरबी अक्षरं. कागद घेऊन तो इमाम आतारांकडं गेला. आतार हजला जाऊन आलेले, अत्तरांच्या कुप्यांमध्ये बसलेले, डोळ्यांनी अधू. त्यांनी कागद नाकाजवळ धरून वाचला.

"कुराणातलीच ओळ आहे, दत्तोबा. पण हा हात हिंदुस्थानातल्या मौलवीचा नाही. शाई बघ, तपकिरी. मक्केत मी असे कागद पाहिलेत. समुद्राच्या पलीकडून काळे हाजी येतात, सुदानचे. त्यांच्या दंडावर असतात हे ताईत."

"दंडावर?"

"दंडावर ताईत. आणि त्याच दंडावर सुरी. हरममध्ये, म्हणजे मक्केच्या मशिदीत, जाताना काढून ठेवायचे."

दत्तोबा तिथून वाचनालयात गेला. लढाईच्या काळातल्या चित्रमासिकांचे खंड त्यानंच बांधले होते, तेव्हा कुठलं पान कुठं आहे हे त्याला वाचनालयाच्या चिटणिसापेक्षा चांगलं माहीत होतं. तिसऱ्या खंडात, सुदानच्या आघाडीच्या पानांत, ते चित्र सापडलं. उंटाशेजारी उभा असलेला, केसांचं शिप्तर वाढवलेला एक माणूस, आणि त्याच्या डाव्या दंडावर, कोपराच्या वर, हेच म्यान.

बांधतानाही हे चित्र पाहून तो थांबला होता, ते त्याला आता आठवलं. छापणाऱ्याची काहीतरी चूक झाली असेल असं तेव्हा वाटलं होतं. कारण म्यान उलटं होतं. तोंड खाली, टोक वर. सुरीची मूठ कोपराशी लोंबत होती.

उलटं टांगलेलं म्यान सुरी धरून कसं ठेवील? दत्तोबानं आपल्याजवळच्या म्यानाच्या तोंडात बोट घातलं. बोट सहज आतबाहेर झालं.

त्याला काही उमगेना. पण कळसच्या आसपास सुदानचं म्यान आणणारा माणूस पलटणीतच गेलेला असणार, हे मात्र उघड होतं.

३

म्हस्कू पाटकरी पायऱ्यांपाशीच भेटला. पाणी संथ वाहत होतं, दोन्ही बाजूंना ऊस उभा, वर ढगाळ आभाळ. दत्तोबानं विचारलं, दार कसं उघडतात?

"ही फळी पान्यात हाय. खालच्या पायरीवर बसायचं, उजव्या हातानं ही लोखंडी दांडी धरायची आन डावा हात बगलंपतुर पान्यात घालून फळी उचलायची." म्हस्कूनं बसून दाखवलं. "लई शेवाळ हाय. मी बी दोनदा आपटलोय. पन काय हो, तुमी फौजदाराकडचं हाय का गेणूकडचं?"

"मी... कुणाकडचाच नाही."

"मग हितं आलात कशाला?" म्हस्कू पुटपुटला. "मी दोगांच्याबी ताटात जेवल्यालो. कुनाकडनं बोलायचं आमी? परवा पाट बंद हुतोय, मग पंधरा दिस मला ह्या दाराचं तोंड बघाय नगं."

महिपतीच्या घरी त्याची बायको बनाबाई ओट्यावर बसली होती. कपाळ मोकळं, मनगटं मोकळी. दत्तोबाला काय विचारावं ते सुचेना. शेवटी तिनंच विचारलं, "बाबा, पंचनाम्यात काय लिवलंय वं? मला कुनी वाचून दावलं न्हाय."

फौजदारांनी बारामतीत वाचून दाखवलेलं त्याला आठवत होतं. जखम काखेत, खालून वर गेलेली. डाव्या दंडावर दोन बोटं रुंद वळ, बहुधा ताइताचा. मारेकऱ्यानं ताईत तोडून नेला असावा. त्यानं हळूहळू सांगितलं.

"ताईत?" बनाबाईनं मान वर केली. "त्यांनी कवा ताईत बांधला न्हाय. देवाधर्माची चेष्टा करायचं ते."

"मग तो वळ?"

"ठावं न्हाय. महिनाभर त्यांनी आंगातला सदरा काडला न्हवता. निजताना बी न्हाय. मी म्हनलं, वास मारतोय, धुवून टाकती. तर आंगावर आले. लांब बाहीचा तंग सदरा, त्योच घालायचा." ती जरा थांबली. "गेणूला भ्याले हुते ते. चावडीवर हसले, पन घरी यिऊन पानी मागितलं आन भांडं हातात धरवंना."

सावळाराम पलीकडच्या खोलीत बसला होता. पन्नाशीचा, ताठ पाठीचा, मिशा कातरलेल्या. पलटणीतून हवालदार होऊन आलेला. दत्तोबानं फडकं उलगडून म्यान त्याच्यापुढं ठेवलं.

"हवालदार, हे तुम्ही ओळखता का?"

"फौजदाराला सांगितलंय. न्हाय वळखत."

दत्तोबानं आपली डावी बाही वर केली, कडं दंडावर चढवलं आणि आपल्याकडं म्यान जसं असतं तसं, तोंड वर ठेवून, हात पुढं केला. "मला एवढंच समजून घ्यायचंय, की हे असंच बांधतात ना?"

सावळारामनं एकदा पाहिलं, तोंड फिरवलं, पुन्हा पाहिलं. मग कवायतीत रंगरुटाची टोपी नीट करावी तसा त्याचा हात आपसूक पुढं आला. त्यानं दत्तोबाच्या दंडावरचं म्यान फिरवून तोंड खाली केलं आणि कडं आतल्या अंगाला सरकवलं.

"असं. मूठ कोपराला. म्हंजे उजव्या हाताला झटक्यात..."

तो मध्येच थांबला. ओट्यावरून बनाबाई त्याच्याकडं बघत होती.

४

"सुदानात आमची पलटण हुती," सावळाराम खाली मान घालून सांगू लागला. "एक उंटवाला तहानंनं मरत पडल्याला. मी त्याला माझ्या बाटलीतलं पानी पाजलं. त्यानं दंडावरची सुरी काडून माझ्या दंडाला बांधली. पान्याच्या बदल्यात दिली त्यानं. लढाई सपूस्तवर मी ती बांधली. मग घरी खुटीला टांगली."

"आणि महिपतीला?"

"म्हैन्यामागं आला. म्हनला, दादा, गेणू मला जित्ता सोडत न्हाय. मीच त्याच्या दंडाला बांधली, वर लगीच बाही ओढली. कुनाला सांगू नगं म्हनलं, परवाना न्हाय." त्यानं दोन्ही तळहात गुडघ्यांवर दाबले. "त्याच सुरीनं गेणूनं त्याला मारलं. हिसकून घेतली असंल. मी भावाला वाचवाय दिली आन मीच त्याच्या मारेकऱ्याच्या हातात दिली. हे मी फौजदाराला कुठल्या तोंडानं सांगू?"

बनाबाई उठून आत गेली.

दत्तोबानं दंडावरून म्यान उतरवलं. एक प्रश्न राहिला होता आणि तो विचारू नये असं फार वाटत होतं.

"हवालदार, ह्या कड्याच्या मुळाशी नंतरचं काम आहे. ते कुणी केलं?"

"मी पलटणीतनं आलो तवा वादी तुटल्याली. मी तापानं दवाखान्यात हुतो. महिपती बारामतीला गुरवारच्या बाजाराला गेल्ता, तितं कुन्या जिनगराकडनं शिवून आनली."

कळसच्या देवळाच्या ओवरीत बसून दत्तोबानं कड्याच्या मुळाची घडी सुईच्या टोकानं उचलली. बारामतीत तेव्हा जिनगरांची तीन घरं होती. त्याचा चुलतभाऊ होता, तो आता वारला. पलीकडच्या आळीतला एक सांगलीला गेला. त्यांच्यापैकी कुणीही असेल, असं तो मनाशी म्हणत होता. तेलाचा काळा थर पापुद्र्यासारखा निघाला. आत दोऱ्याचे सात टाके होते, बारीक, सारख्या अंतराचे.

दोरा लाल होता. फितीचा.

मग ते सगळं त्याला लख्ख आठवलं. बाजाराची गर्दी, दुकानाच्या फळीवर बसून ओल्या हरभऱ्याचे घाटे सोलणारा एक हसरा तरणा पोरगा. सुरी आणली नव्हती, नुसतं म्यान. काम कड्याचंच होतं. पण दत्तोबानं तोंडात बोट घालून पाहिलं तर आत कातड्याची एक जाड जीभ, बोटही शिरू न देणारी. त्याचे वडील म्हणत, म्यानानं पात्याला अडवू नये, धन्याचा हात पडला की पातं पाण्यासारखं बाहेर यावं. कुण्या अडाण्यानं शिवलंय हे, असं मनाशी म्हणून त्यानं ती जीभ कातडं कापायच्या रापीनं खरवडून काढली आणि तोंड गुळगुळीत केलं. कुणी सांगितलं नव्हतं. "तोंड पण मोकळं करून दिलंय," तो म्हणाला होता. पोरानं आत बोट घालून पाहिलं आणि म्हणाला, "झ्याक!"

पुजाऱ्यानं विचारलं, "बरं वाटत न्हाय का, बाबा?"

"पाणी द्या जरा," दत्तोबा म्हणाला. तांब्यातलं पाणी त्यानं फडक्याच्या कोपऱ्यावर ओतलं आणि कड्याची कडक झालेली आतली बाजू पुसली. फडकं तांबडं झालं. बाहेरची बाजू पुसली. तिथं नुसतं तेल.

आता त्याला सगळंच कळलं होतं. ते सगळं सांगायचं की त्यातलं आपलं एवढं वगळायचं, हा प्रश्न उरला होता.

५

पाट बंद झाला त्या दिवशी फौजदारांनी गेणूला बेड्यांसकट पायऱ्यांवर आणलं. दत्तोबानं तशी विनंतीच लिहून पाठवली होती. बांधावर अर्धं गाव जमलं होतं. पाणी ओसरून तळाशी नुसता गाळ चमकत होता.

"बोला," फौजदार म्हणाले. "आणि 'असं वाटतं' नको."

दत्तोबानं गेणूकडं पाहिलं. धिप्पाड माणूस आठ दिवसांत वाळला होता. बांधावर धोंडाबाई पदर तोंडात धरून उभी होती. दत्तोबानं म्यान वर धरलं.

"साहेब, हे म्यान मारणाऱ्याचं नव्हे. मेलेल्याचं आहे. कड्याच्या आतल्या बाजूला रक्त मुरलंय, बाहेर नाही. ज्या दंडावर ते होतं त्याच बाजूच्या काखेतून रक्त वाहत होतं. पंचनाम्यातला वळ ताइताचा नाही, ह्या कड्याचा आहे. हवालदारांनी सुरी भावाला दिली होती."

फौजदारांनी मान वळवली. सावळारामनं मान डोलावली.

"हे सुदानचं म्यान. तिकडं डाव्या दंडाला तोंड खाली करून बांधतात. पातं काखेकडं, मूठ कोपराशी. लपावं म्हणून महिपतीच्या दंडावर ते आतल्या अंगाला होतं, वर तंग बाही. महिनाभर ती बाहीच सुरीला धरून होती. त्या दिवशी फळी उचलायला त्यानं बाह्या वर केल्या. म्हस्कू, बसून दाखवा."

म्हस्कू खालच्या पायरीवर बसला, उजव्या हातानं दांडी धरली, डावा खाली सोडला.

"सुरी घसरली. पाण्यात पडेल म्हणून त्यानं दंड अंगाशी आवळला. त्याच वेळी शेवाळावरून पाय सुटला आणि सगळं अंग डाव्या कुशीवर दगडावर आलं. मूठ दगडावर, पातं वर. म्हणून जखम खालून वर गेली. सुरी उपसून पडली ती पाण्यात. तो वर चढला, बाही फाडली, कडं काढलं, दहा पावलं घराकडं गेला." त्यानं खिशातून काळा तुकडा काढला. "हा कोळसा नव्हे, मुठीचं लाकूड आहे. सुरी इथंच खाली असेल. आणि तिच्या मुठीचं बूड फुटलेलं असेल."

शिपाई गाळात उतरला. दोनदा हात घातला, तिसऱ्यांदा त्यानं काहीतरी ओढून काढलं. काळ्या मुठीची, वीतभर पात्याची सुरी. मुठीच्या बुडाला खाच होती. फौजदारांनी तुकडा खाचेत ठेवला. तो तिथं नेमका बसला.

धोंडाबाई मटकन खाली बसली. तेवढ्यात सावळाराम पुढं आला.

"थांबा, फौजदारसायेब. ह्यो म्हातारा भला मानूस दिसतोय, पन हे खोटं हाय. हे म्यान बांधून मी डोंगर चढलोय, पळालोय, पालथा पडलोय. तोंड खाली असलं तरी सुरी सुटत न्हाय. आत कातड्याची जीभ असती, ती पात्याला धरती. झटका मारून उपसावीच लागती. माझ्या भावाच्या दंडावरनं सुरी कुनीतरी उपसली." त्यानं गेणूकडं बोट केलं. "मूठ काय, झटापटीत बी दगडावर आपटंल."

फौजदारांनी सावकाश मान डोलावली. "दत्तोबा? ह्याचं उत्तर?"

दत्तोबानं बनाबाईला शोधलं. ती सगळ्यांच्या मागं उभी होती.

"हवालदार खरं सांगतायत," तो म्हणाला. "जीभ होती. मी ती काढली."

"तुम्ही?"

"आठ वर्षांपूर्वी. महिपती माझ्याकडंच आला होता. घडीखाली बघा, लाल दोरा आहे. बारामतीत असा दोरा मीच वापरतो. काम कड्याचं होतं. मला त्या म्यानाचं तोंड चुकीचं वाटलं. आपल्याकडं म्यान सरळ टांगतात, म्हणून... मला कुणी सांगितलं नव्हतं, साहेब. मला वाटलं, मी जास्त जाणतो." त्यानं हात पुढं केला. "सुरी द्या."

सुरी पुसून त्यानं म्यानात घातली. म्यान दंडाला लावून तोंड खाली केलं. क्षणभर काही झालं नाही. मग त्यानं कोपर थोडं हलवलं, आणि सुरी आवाज न करता निसटून पायाशी गाळात पडली.

सावळाराम त्या सुरीकडं बघत होता. त्याचं पुढं केलेलं बोट हळूहळू खाली आलं.

"बेड्या काढा," फौजदार म्हणाले.

६

धोंडाबाईनं पुढच्या गुरुवारी पाटीभर वांगी आणि एक फणी केळी आणून दिली. दत्तोबानं ती शेजारी वाटून टाकली. फौजदारांनी त्याच्याविरुद्ध काहीच लिहिलं नाही. शिवणकामातल्या चुकीला कायद्यात कलम नसतं, असं ते म्हणाले. कलम असतं तर बरं झालं असतं, असं दत्तोबाला वाटलं. निदान शिक्षा किती ते कळलं असतं.

फाल्गुनात एके दुपारी बनाबाई आली. एकटीच होती. ती पायरीवर बसली नाही, आत येऊन बसली. ओच्यातून तिनं म्यान काढून समोर ठेवलं.

"फौजदारानं सुरी ठिवून घेतली, हे दिलं. भावजी खुटीला टांगत हुते. मी काडून आनलं."

दत्तोबा तिच्याकडं पाहू शकला नाही.

"बाबा, एक इचारती. त्यांनी तुमाला सांगितलं हुतं का, तोंड सैल करा म्हनून?"

"नाही."

"मग परत न्ह्याया आल्यावर काय म्हनले?"

खोटं बोलायला वाव होता. "बोट घालून पाहिलं. झ्याक म्हणाले."

बनाबाई जराशी हसली. निदान तिचे ओठ तसे हलले. "तसंच म्हनायचं ते. कशाला बी." मग म्हणाली, "एवढे दिस मी इचार करीत हुती, कुनाला शिव्या द्याव्या. गेणूला देत हुती तवा झोप लागायची."

"मला द्या," दत्तोबा म्हणाला.

"तुमाला दिऊन बघितल्या. न्हाय जमत." तिनं म्यान पुढं सरकवलं. "घरात दोन पोरं हायत. उद्या त्यातलं एखादं हे दंडाला बांधंल. ह्याचं तोंड शिवून टाका. परत कुनी ह्यात काय घालाय नगं."

दत्तोबानं सुई घेतली. दोऱ्याच्या डब्यात पांढरा दोरा होता, काळा होता. त्यानं लाल काढला. टाके बारीक आले, सारख्या अंतराचे. बनाबाई ते बघत बसली होती. शेवटचा टाका ओढून त्यानं गाठ मारली, दोरा दातांनी तोडला आणि सवयीनं शिवणीवरून बोट फिरवलं.

बनाबाईनंही फिरवलं. बोट आत कुठंच गेलं नाही. मग तिनं म्यान ओच्यात घातलं आणि कळसच्या एसटीची वेळ झाली म्हणून उठली.